नाव मावेल असं अग्निशामक

जा. क्र. ४१/घरगुती/२०२५
पुनावळे, ९ ऑगस्ट २०२५
विषय : अग्निशामक खरेदीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

चि. ज्ञानेश,

अनेक आशीर्वाद सोबत जोडले आहेत.

तुला फोन केला की तू ‘काका, शॉप फ्लोअरवर आहे, आवाज येत नाही’ म्हणतोस. व्हॉट्सअ‍ॅप केलं तर अंगठा पाठवतोस. पिंपरीच्या कंपनीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला अंगठ्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी ते कळत नाही. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच पाठव. चाकणहून पुनावळ्याला पत्र यायला चार दिवस लागतात. तू स्वतः निघालास तर तेवढे तळवड्याच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्येच जातील, म्हणून तू येत नाहीस हे मी समजून घेतलेलं आहे. काकूनं घेतलेलं नाही.

आता मुद्दा. महापालिकेच्या अग्निशमन खात्याची सोसायटीला नोटीस आली आहे. बिल्डरनं अकरा मजल्यांवर टांगलेली सगळी अग्निशामकं मुदत संपून मेलेली आहेत. एकाच्या नळीत तर तपासायला आलेल्या साहेबांना पालीची अंडी सापडली. साठ दिवसांत नवीन बसवायची आहेत. मी चेअरमन या नात्यानं सभा बोलावली आणि वर्गणीचा विषय काढला. सभेत इतकी शांतता पसरली की आबाजी वॉचमन दारात येऊन विचारू लागला, ‘कोन गेलं व्हय?’

त्यावरूनच मला कल्पना सुचली. देवळातली बाकडी, शाळेतले पंखे, स्मशानातली शेड हे सगळं आपल्याकडे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ होतं. मग अग्निशामक का नको? वर्गणी म्हटल्यावर ज्यांचे खिसे शिवलेले होते, तेच लोक बापाच्या नावाला हात वर करून उभे राहिले. पाच मिनिटांत बावीसच्या बावीस नळकांड्यांना दाते मिळाले. मीटर रूमच्या दारातलं मी घेतलं, माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या नावानं. मीटर रूम आमच्याच बेडरूमच्या भिंतीला लागून आहे, आणि तुझ्या काकूचे गुडघे असे की पलंगापासून उंबऱ्यापर्यंत यायलाच तिला पाच मिनिटं लागतात. तिथं चांगलंच पाहिजे.

तू कंपनीत सेफ्टी ऑफिसर. तेव्हा एवढंच कळव : या नळकांड्यांत सगळ्यांत मोठ्या पोटाचं कोणतं येतं?

तुझा,
सोपानकाका (चेअरमन)

*

चाकण, १७ ऑगस्ट २०२५

ती. काका आणि काकू यांना नमस्कार, काकूंच्या गुडघ्यांना वेगळा.

काका, पोट बघून अग्निशामक घेऊ नका. आग काय खातेय ते बघून घ्यायचं असतं.

लाकूड, कागद, कापड जळत असेल तर पाण्याचं चालतं. तेल, पेट्रोल, थिनर पेटलं तर फेसाचं लागतं, कारण पाणी मारलं की तेल पाण्यावर बसून गावभर फिरायला निघतं. आणि वीज असेल तिथं पाणीही नको नि फेसही नको. विजेच्या आगीवर पाणी मारणाऱ्याच्या हातात ती वीज त्याच पाण्यावरून चालत येते. तिथं पावडर किंवा सीओटू वायूचं घ्यायचं. तुमच्या जिन्यांना आणि पॅसेजना पावडरचं ठीक आहे. मीटर रूमच्या दाराशी मात्र सीओटूच घ्या. ओळखायला सोपं आहे : अंगानं सडपातळ, तोंडाला काळा भोंगा, आणि इतरांना असतं तसं दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ त्याला नसतं. छताला टांगायचं, उष्णता वाढली की आपोआप फुटणारंही एक मिळतं. त्याचं नंतर बघू.

काकूंचा पलंग आणि ती मीटरं यांच्यामध्ये एक विटेची भिंत आहे, एवढं लक्षात ठेवा. बाकी एकवीसांत चूक झाली तर झाली, या एकात नको.

आमच्या प्लांटमध्ये सहाशे अग्निशामकं आहेत. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला कार्ड, दर महिन्याला सही. छतात स्प्रिंकलर आहेत, पेंट शॉपला स्वतंत्र यंत्रणा आहे. ग्राहक कंपनीचे परदेशी पाहुणेसुद्धा त्यांचे फोटो काढून नेतात. तुमची बावीस म्हणजे माझ्या एका सकाळचं काम. मी स्वतः येऊन निवडून देतो. पुढच्या रविवारी नक्की.

आपला,
ज्ञानेश

*

जा. क्र. ४३/घरगुती/२०२५
पुनावळे, ३ सप्टेंबर २०२५
विषय : खरेदी पूर्ण झालेबाबत.

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. दोन रविवार होऊन गेले. तू लिहिलेला ‘नक्की’ यांतला नव्हता असं दिसतं. शेवटी भोसरीच्या दुकानात मीच जाऊन आलो.

तू लिहिलेलं सगळं मला पटलं होतं. भोंगेवालं मागितलंही. पण व्यवहारात अडचण आली. आईचं पूर्ण नाव ‘कै. मातोश्री यशोदाबाई ज्योतीराम क्षीरसागर (वैरागकर) यांच्या पुण्यस्मरणार्थ’ असं होतं. मी टेप घेऊनच गेलो होतो. तुझ्या त्या सडपातळ नळकांड्यावर हे नाव दोन वेढे घेऊन जात होतं. वाचणाऱ्याला प्रदक्षिणा घालावी लागली असती. शेजारीच एक नऊ लिटरचं होतं, भरदार पोटाचं. त्यावर आई एका दमात मावली. दुकानदार त्यात काय भरलंय ते सांगत होता, पण मी तेव्हा अक्षरं मोजत होतो.

सगळ्यांनीच मग नावाच्या मापानं घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या लेल्यांना ‘अण्णा लेले’ एवढंच हवं होतं, त्यांना दोन किलोचं पुरलं. सातव्या मजल्यावरचा निमिष हिंजवडीला आयटीत आहे. त्याला त्याच्या ब्रूनो नावाच्या कुत्र्याच्या स्मरणार्थ द्यायचं होतं. कुत्र्याला ‘कै.’ लावावं का यावर सभेत सव्वा तास गेला. आगीवर दहा मिनिटंही गेली नव्हती. शेवटी सचिव मृदुलाताईंनी तोडगा काढला की कुत्र्याला ‘कै.’ न लावता ‘लाडक्या’ लावावं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

रंगकाम दत्तोबा पेंटरकडे दिलं. माणूस मन लावून काम करतो. कंपनीची खालची बारीक छापील अक्षरं नावाला मारत होती, म्हणून त्यानं आधी सगळीकडून लाल ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि वर पिवळी अक्षरं काढली. डोक्यापासून बुडापर्यंत सगळं एकजीव झालंय, कुठं खिळासुद्धा वेगळा दिसत नाही. घटस्थापनेला उद्घाटन आहे. एक माजी नगरसेवक फीत कापायला येतील. तू आलास तर तुझाही सत्कार ठेवता येईल.

तुझा,
सोपानकाका (चेअरमन)

*

चाकण, ११ सप्टेंबर २०२५

ती. काका,

नमस्कार. पत्र वाचून माझा जेवणाचा डबा तसाच राहिला.

तुम्ही लेबलं रंगवलीत? काका, नळकांड्यावर तीच तर वाचायची गोष्ट असते. आत काय आहे, कशावर मारायचं, कसं मारायचं हे सगळं तिथंच लिहिलेलं असतं. आणि नऊ लिटरचं, भरदार पोटाचं म्हणजे ते बहुतेक पाण्याचं असणार. ते मीटर रूमच्या दारात टांगणं म्हणजे घरातल्या माणसाच्या हाती मरण देऊन ठेवणं आहे. मला याहून सौम्य शब्द सुचत नाहीत.

मी आमच्या व्हेंडरच्या टेम्पोतून एक छोटं, दोन किलोचं सीओटू पाठवतोय. कृपा करून त्यावर कुणाचंही नाव घालू नका. माणसं मरू नयेत म्हणून ते असतं, मेलेल्यांसाठी नव्हे.

काकूंसाठी वेगळं लिहितो. काकू, पिन ओढायची. आत शिरायचं नाही, दारातूनच भोंगा आगीच्या बुडाशी धरायचा. दांडा दाबायचा आणि केर काढतो तसं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. भोंग्याला हात लावू नका, बर्फासारखा गार होतो, कातडं सोलून निघतं. आधी मेन स्विच पाडता आला तर उत्तम.

मी येऊ शकलो नाही कारण ऑडिट होतं. तुम्हाला म्हणून सांगतो, ऑडिटच्या सकाळी आम्ही अग्निशामकांसमोर रचलेली खोकी हलवतो आणि संध्याकाळी परत तिथंच रचतो. आगीची रंगीत तालीम आठवडाभर आधी जाहीर करतो, म्हणजे उत्पादन अडत नाही. भोंगा वाजला की पोरं शिस्तीत मैदानात येतात आणि तिथून तशीच कॅन्टीनला जातात. पण लेबलावर रंग आम्हीसुद्धा मारत नाही.

आपला,
ज्ञानेश

*

जा. क्र. ४६/घरगुती/२०२५
पुनावळे, ५ ऑक्टोबर २०२५
विषय : उद्घाटन, किरकोळ आग आणि आपले दि. ११ चे पत्र.

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. उद्घाटन दणक्यात झालं. बावीस नळकांड्यांना बावीस हार घातले, हळदकुंकू वाहिलं. माजी नगरसेवक आगीवर चाळीस मिनिटं बोलले. त्यात आग कमी आणि निवडणूक जास्त होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यानं पेट घेतला. कुणीतरी जळती उदबत्ती टाकली असावी. आबाजीनं धावत जाऊन लेल्यांच्या वडिलांचं नळकांडं उचललं. तेवढ्यात लेले लिफ्टमधून बाहेर आले आणि त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. ‘आमच्या अण्णांना काय कचऱ्यावर वापरणार? अण्णा आयुष्यात कधी कुणाच्या कचऱ्यात पडले नाहीत!’ मग आबाजी निमिषच्या ब्रूनोकडे वळला, पण निमिषच्या बायकोला रडू आलं. तोवर डबा जळून आपोआप विझला.

तातडीची सभा झाली. ठराव असा की दात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याचं नळकांडं कुणी वापरू नये. अर्ज सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते एक. मला हा ठराव फारसा पटला नव्हता, पण मी चेअरमन, मला सर्वांना धरून जावं लागतं.

तुझं छोटं मिळालं. त्यावर फार तर ‘यशोदा’ एवढंच मावेल. मग कुणाची यशोदा, कुठली, काय कळणार? काकूनं ते स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवलंय. सध्या त्यावर हात पुसायचा नॅपकिन वाळतो.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खाली काय छापलंय ते बघायचं तर मला आईचं नाव खरवडावं लागेल. ज्ञानेश, तू लहान होतास, तुला आठवत नसेल. वैरागच्या घराचा उतारा बाबांच्या नावावर, रेशनकार्ड बाबांच्या नावावर, विहिरीवर कोरलेलं नाव बाबांचं. ती विहीर खणताना माती तिनं वाहिली होती. ती गेली तेव्हा दाखल्यावरसुद्धा कारकुनानं तिचं नाव चुकवलं. जन्मात पहिल्यांदा ते कुठं तरी मोठ्या अक्षरांत, चूक न होता लागलंय. येता-जाता लोक वाचतात. ते मी माझ्या हातानं खरवडणार नाही. तू सेफ्टी ऑफिसर असशील, पण मी तिचा मुलगा आहे.

तुझा,
सोपानकाका

*

चाकण, ११ ऑक्टोबर २०२५

ती. काका,

नमस्कार. आजीबद्दलचं वाचलं. दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

तिचं नाव भिंतीवर लावा, दगडात कोरा, मी खर्च करतो. फक्त त्या नळकांड्यावर नको. आणि दिवाळीच्या माळांना कॉमन मीटरमधून जादा वायर ओढू नका, जोड तापतात.

भाऊबीजेला येतो, तेव्हा बसून बोलू. या वेळी खरंच येतो.

आपला,
ज्ञानेश

*

जा. क्र. ४८/घरगुती/२०२५
पुनावळे, २७ ऑक्टोबर २०२५
विषय : मातोश्रींनी इमारत वाचवलेबाबत.

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. भाऊबीज झाली. काकूनं तुझ्यासाठी ठेवलेले अनारसे शेवटी आबाजीला दिले.

परवा, शनिवारी, दिवेलागणीला मीटर रूममध्ये किरकोळ आग लागली. काळजीचं कारण नाही. विजेच्या खात्याचा काही दोष असावा. मी तत्काळ घटनास्थळी पोचलो, आईचं नळकांडं हाती घेतलं आणि परिस्थिती नियंत्रणात आली. तुझ्या त्या छोट्या भोंगेवाल्यानंही थोडा हातभार लावला, हे मोठ्या मनानं मान्य करतो. काकू तिथं होती. सर्व सुखरूप आहेत. दोन मीटरं काळी पडली, एवढंच नुकसान.

मातोश्रींच्या आशीर्वादानं इमारत वाचली असा अभिनंदनाचा ठराव सभेत मांडायचं चाललं आहे. फार तपशील लिहीत नाही, कारण आज जरा थकवा आहे.

तुझा,
सोपानकाका

*

पुनावळे, २९ ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. माझ्या पत्राला जावक क्रमांक नाही. वही यांच्या उशीखाली असते.

यांचं पत्र पोस्टात टाकण्याआधी मी वाचलं. ‘काकू तिथं होती’ एवढं एक वाक्य वाचून मी पाकीट पुन्हा चिकटवलं आणि टाकून दिलं. आता खरं काय झालं ते मी लिहिते.

वीज खात्याचा काही दोष नाही. माळांसाठी कॉमन मीटरमधून वायर यांनीच ओढून घेतली होती. तुझं पत्र आलं तेव्हा म्हणाले, ‘टेप गुंडाळलीय, त्याला काय होतंय?’ शनिवारी मी चहा ठेवत होते. आबाजी ओरडत आला, ‘काकू, मीटरमदनं जाळ निगतोय, भायेर या!’ मी विचारलं, ‘आधी मेन पाडलात का?’ तर म्हणाला, ‘खटका गंजलाय, हालंना!’

बाहेर बघते तर हे मीटरांपासून दोन हातांवर, आईंचं नळकांडं कवेत धरून उभे. पिन ओढतायत आणि ती निघत नाहीये. दत्तोबानं रंगाचे दोन हात दिले होते ना, पिन त्यात घट्ट बसली होती. यांनी दातसुद्धा लावून बघितले. आणि मोठ्यानं ओरडत होते, ‘आई, आज तरी ऐक माझं!’ मी हे हसायला लिहीत नाहीये. त्यांचा चेहरा तेव्हा लहान मुलासारखा झाला होता. बाकीचे लोक खाली आले होते, पण आपापलं नळकांडं वाचवायला. लेले अण्णांना छातीशी धरून केव्हाच गेटबाहेर पोचले होते.

मी तुझं छोटं घेऊन आले. गुडघ्यांचं विचारू नकोस, तेव्हा ते जागेवर होते की नाही मला आठवत नाही. मी यांना दंडाला धरून मागे ओढलं, पिन काढली आणि दारातूनच मारलं. भोंग्याला हात लावला नाही. दोनदा फिरवलं, जाळ बसला. मग आबाजीनं पहारीनं हाणून खटका पाडला, आणि अग्निशमनचे लोक आले तेव्हा त्यांना बघायला फक्त धूर राहिला होता.

सगळे विचारतात, काकू तुम्हाला कसं जमलं? त्यात जमण्यासारखं काय आहे? दूध उतू जाऊ नये म्हणून मी रोज दहा मिनिटं ओट्याशी उभी असते. समोर वाचायला तेवढंच होतं. दीड महिन्यात पाठ झालं. बाकी बावीसांवर कोण गेलं ते लिहिलंय. कसं वापरायचं ते फक्त या एकावर लिहिलेलं होतं.

काल सोसायटीनं ठरवलं की या छोट्यावर माझं नाव घालायचं. दत्तोबा आला आणि सवयीनं त्यानं आधी ‘कै.’ काढून ठेवलं. मी शेजारीच उभी होते. म्हटलं, अहो, जरा थांबा की. बिचाऱ्यानं कान पकडले. मी ते लगेच पुसून घेतलं आणि नाव लिहू दिलं नाही.

पण हे दोन दिवस धड जेवलेले नाहीत. म्हणतात, सगळ्यांसमोर आईनं मला दगा दिला. मी समजावलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतात. मला काळजी वाटते. तू काहीतरी लिही, पण हळू लिही.

तुझी,
दीपमालाकाकू

*

चाकण, ३ नोव्हेंबर २०२५

ती. काका आणि काकू यांना नमस्कार.

काकू, मी अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. सहाशे अग्निशामकं माझ्या सहीनं टांगलेली आहेत. खऱ्या आगीवर मी आजवर एकदाही एक वापरलेलं नाही. तुम्ही वापरलंत. तुमचं पत्र आल्यावर मी प्लांटमध्ये गेलो आणि अग्निशामकांसमोरची खोकी हलवून घेतली. ऑडिट नव्हतं. सुपरवायझरला वाटलं माझी तब्येत बिघडली.

काका, तुमच्यापासून मीही एक लपवलं होतं. भाऊबीजेला मला कसलंही काम नव्हतं. सुट्टी होती, ट्रॅफिकचा कंटाळा आला आणि मी झोपून राहिलो. त्यानंतर दोनच दिवसांनी हे घडलं. मला माझी लाज वाटते.

आजीनं दगा दिला असं म्हणू नका. माझं एकच ऐका. थिनर आणि फडकं घ्या, त्या नळकांड्यावरचा रंग पुसा आणि खाली काय छापलंय ते मला कळवा. मी सांगितलं तर तो उपदेश होईल. तुम्हीच वाचा.

आपला,
ज्ञानेश

*

पुनावळे, ९ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. या पत्राला जावक क्रमांक घातलेला नाही.

काल दुपारी थिनर आणि जुना बनियन घेऊन मीटर रूमच्या दारात स्टूल टाकून बसलो. आबाजी म्हणाला, ‘सायेब, म्या पुसतो की.’ म्हटलं, नको, माझी आई आहे. शेवटाकडून सुरुवात केली. ‘पुण्यस्मरणार्थ’ गेलं, ‘वैरागकर’ गेलं, बाबांचं नाव गेलं. ‘यशोदाबाई’पाशी हात थांबला. मग तेही पुसलं. मी रडलो. हे काकूनं खिडकीतून बघितलं आहे म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

‘यशोदाबाई’च्या बरोबर खाली छापलेलं होतं : पाणी, नऊ लिटर. विजेच्या उपकरणांवर वापरू नये.

ज्ञानेश, मी दोन हातांवर उभा होतो. मेन चालू होता. पिन निघाली असती तर दत्तोबाला त्याच नळकांड्यावर आईच्या शेजारी माझंही नाव काढावं लागलं असतं. नऊ लिटरचं आहे, मावलंही असतं.

आईनं माझं आयुष्यात कधी ऐकलं नाही. मी नको नको म्हणत असताना तिनं मला बार्शीला शिकायला धाडलं, मी परत पळून आलो तर पुन्हा एसटीत बसवलं. त्या दिवशी मी जिवाच्या आकांतानं ‘ऐक’ म्हणत होतो आणि तिनं तेव्हाही ऐकलं नाही. आणि मी पंधरा दिवस तिच्यावर रुसून होतो. दत्तोबाला तर सोसायटीभर शिव्या दिल्या होत्या. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन पेढे देऊन आलो. कशाचे ते विचारत होता. म्हटलं, तुझा रंग चांगला बसला होता, त्याचे.

आज सभा घेतली. सगळी नळकांडी पुसायची, परवानगीचा ठराव रद्द करायचा आणि सर्वांची नावं गेटजवळ एकाच ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरायची असं ठरलं. ब्रूनोसुद्धा आहे, ‘कै.’शिवाय. लेल्यांनी विरोधात मत दिलं. मीटर रूमला मोठं भोंगेवालं आणतोय, आणि तू म्हणालास ते छताला टांगायचंही. माळांची वायर मीच काढून टाकली.

तुझं छोटं मात्र रिकामं झालं आहे. ते भरून आणायला हवं, आणि पोस्टानं नळकांडं जात नाही. तेव्हा ते न्यायला तूच ये. काकू म्हणते, ‘रविवारी नक्की’ असं लिहू नकोस, तारीख लिही. ती अनारशाचं पीठ भिजवण्याआधी तुझ्या पत्राची वाट बघणार आहे.

तुझा,
सोपानकाका